मंडळाच्या वहीतले रकाने

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या मंडळाचं लोखंडी कपाट रिकामं केलं जातं. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात एका अंगाला द्रुतगती महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात इथली हवा कागदाला सोडत नाही. म्हणून पाऊस यायच्या आत वह्या बाहेर काढायच्या, चादरीवर पसरायच्या, ऊन दाखवायचं आणि कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा कपाटात ठेवायच्या. हे काम जुने चिटणीस अण्णा करतात. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असते, असं आम्ही पोरं गमतीनं म्हणायचो. खरं तर ती त्यांच्या पाकिटात असते आणि अण्णा जानवं घालत नाहीत.

या वह्यांमध्ये एका पानावर मीही आहे. वय १३, वजन ३८ किलो, इमारत क्रमांक, शाळेचं नाव, वडिलांची सही. आज मी त्याच कबड्डी मंडळाचा सहचिटणीस आहे. दोन वर्षांपूर्वी सभेत ठरलं की हे सगळं आता ‘कॉम्प्युटरवर घ्यायचं’, आणि वयानं लहान म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. वह्या वाचता वाचता मला त्यातल्या नावांपेक्षा रकान्यांचं कुतूहल वाटायला लागलं. प्रत्येक रकाना कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी आखलेला असतो. एखादी संस्था माणसाला काय विचारते, यावरून तिला माणसाकडून काय हवंय ते कळतं.

हे कुतूहल निव्वळ अभ्यासाचं नव्हतं. त्याच्या काही महिने आधी माझ्या हातून एक चूक झाली होती. तिच्याकडे येतोच.

‘धंदा’ का विचारला?

आमची सर्वांत जुनी वही सत्तरच्या दशकातली. रकाने असे : अनुक्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, वय, धंदा, सही. कबड्डी खेळायला आलेल्या माणसाला धंदा कशाला विचारायचा? धंद्याच्या रकान्यात लिहिलेलंही मजेशीर आहे. ‘गिरणी’, ‘कारखाना’, ‘बेस्ट’, ‘शिक्षण चालू’, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘शोधात’.

उत्तर १८६० मध्ये सापडलं. इंग्रज सरकारनं त्या वर्षी संस्था नोंदणी कायदा केला. ग्रंथालयं, वाचनालयं, कला आणि विद्येच्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा कायदा. नोंदणीसाठी संस्थेच्या कारभाऱ्यांची नावं, पत्ते आणि धंदे लिहून द्यावेत, आणि कारभाऱ्यांची अशीच यादी दर वर्षी सादर करावी, असं त्यात म्हटलं आहे. कायद्यानं हे मागितलं होतं फक्त कारभाऱ्यांपुरतं. पण वही आखणाऱ्यानं तेच रकाने सगळ्या सभासदांना लावले, आणि पुढच्या प्रत्येकानं आधीची वही बघून नवी आखली. त्यामुळे कन्नमवार नगरातल्या बारा वर्षांच्या पोरालाही ‘धंदा’ विचारला गेला.

त्याच कायद्याच्या १९व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे : निबंधकाकडे दाखल झालेले कागद कुणीही एक रुपया भरून पाहू शकतो. म्हणजे संस्था चालवणाऱ्यांची माहिती लोकांसाठी उघडी, कारण ते लोकांचे पैसे हाताळतात. पुढे १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. आपल्याकडची असंख्य क्रीडा मंडळं, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळं या दोन्ही कायद्यांखाली नोंदवलेली असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. अण्णांनी त्यासाठी वरळीला किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

यातला तोल मला आवडला. कारभारी उघडे, सभासद मात्र कपाटात. आज बहुतेक मंडळांत नेमकं उलटं झालं आहे. हिशेब मागितला की ‘बघू पुढच्या सभेत’, आणि सभासदांचे फोन नंबर मात्र गावभर.

जो रकाना आमच्या वहीत नाही

आमच्या वहीत जातीचा आणि धर्माचा रकाना नाही. आडनावावरून कळायचं ते कळतंच, पण रकाना नाही. मुंबईच्या खेळाच्या इतिहासात ही साधी गोष्ट नव्हे.

१८७५ मध्ये सुरू झालेला बॉम्बे जिमखाना गोऱ्यांसाठी होता. मग पारशी, हिंदू आणि इस्लाम असे वेगवेगळे जिमखाने समुद्राकाठी उभे राहिले. १९१२ पासून त्यांच्यातले सामने चौरंगी झाले : युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम. १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ म्हणजे ‘उरलेले’ असा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते या उरलेल्यांकडून खेळत. १९४३च्या मोसमात हिंदू संघाविरुद्ध उरलेल्यांच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. इतका मोठा फलंदाज कुठल्या संघात खेळणार, हे त्याच्या बॅटनं नाही, धर्माच्या रकान्यानं ठरवलं.

त्याच्याही आधी बाळू पालवणकर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजातला म्हणून पुण्यात संघाबरोबर खेळतानाही त्याला चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळत असे. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ मध्ये पंचरंगी सामने बंद झाले, पण हा रकाना पुसायला मुंबईला तीसहून अधिक वर्षं लागली.

आणि यादी फक्त संस्थाच वाचते असं नाही. १९१८च्या रौलट समितीच्या अहवालात पुण्याच्या चापेकर बंधूंनी व्यायामासाठी काढलेल्या मंडळाचा उल्लेख येतो. रँडच्या खुनानंतर, तरुण पोरं एकत्र येऊन जोर-बैठका काढतात ही गोष्टच सरकारच्या नजरेत संशयाची झाली होती. तालमीच्या वस्तादाला जी शिष्यांची यादी वाटते, ती पोलिसाला संशयितांची वाटू शकते. कागद तोच, वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. माझ्या चुकीनंतर मला हे वाक्य रोज आठवायचं.

वय, वजन आणि नोकरी

नव्वदच्या दशकातल्या वह्यांत दोन नवे रकाने दिसतात : जन्मतारीख आणि वजन. हे कबड्डीनं आणले. हुतूतूच्या मातीतल्या खेळाला १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण परिषदेनं नियम दिले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिकं केली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याची जागा अ‍ॅमॅच्युअर कबड्डी फेडरेशननं घेतली. १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदक मिळू लागलं. नियम आले तसे गट आले, आणि गट आले तशी वयाची आणि वजनाची मर्यादा आली. पुरुषांत ८५ किलो, कुमार गटात वय वीस. पाव किलो जास्त भरलं म्हणून भर दुपारी स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांतला एक मीच.

अ‍ॅमॅच्युअर म्हणजे हौशी. पण या हौसेला मुंबईत पोट जोडलेलं होतं. चांगला चढाईपटू रेल्वेत लागायचा, पोलिसांत लागायचा, बँकेत, कंपनीत लागायचा. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून इथे कागदाला किंमत आहे, आणि किंमत आली की बनावटही येते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपण वाचली आहेत. जन्मतारीख दोन वर्षांनी मागे ओढणं हा तर आपल्या खेळांचा जुना रोग. क्रिकेट मंडळ त्यासाठी वयोगटातल्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं.

मागच्या वर्षी एक माजी खेळाडू मंडळात आला. केस पांढरे झालेले, इमारतीचा पुनर्विकास झाल्यावर भाड्यानं बदलापूरला गेलेला. त्याला विसाव्या वर्षी जिल्ह्याकडून खेळल्याचा पुरावा हवा होता. प्रमाणपत्र पुरात गेलेलं. अण्णांनी तासाभरात वही काढली. संघयादी, त्याचं नाव, वजन, सही. असोसिएशनकडे दाद मागायला एवढा धागा पुरेसा होता. त्या माणसानं स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेव्हा मला कळलं की वही जपणं म्हणजे धूळ जपणं नव्हे. माहिती फेकून देणं हाही एक प्रकारचा अन्याय असतो.

बारा मुलींची पीडीएफ

आता माझी चूक. एका स्पर्धेसाठी आमच्या मुलींच्या संघाची प्रवेशिका भरायची होती. संघात बारा जणी. आयोजकांनी सगळ्यांचे आधार कार्ड मागितले. मी प्रत्येकीकडून फोटो मागवले, सरळ केले, एक सुबक पीडीएफ केली आणि स्पर्धेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती : आयोजक, पंच, इतर संघांचे व्यवस्थापक, देणगीदार, आणि कोण कुणी जोडलेले. बारा मुलींचे चेहरे, जन्मतारखा, घरचे पत्ते, आधार क्रमांक. वर मी संघाची यादी नंबरांसकट टाइप करून दिली, संपर्काला बरं पडावं म्हणून.

चार दिवसांनी आमच्या डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीला अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले. आधी खेळाचं कौतुक. मग ‘तू अमुक इमारतीत राहतेस ना?’ मग रात्री एक वाजता फोन. ती सतरा वर्षांची होती. तिनं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा वडिलांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिचा सराव बंद केला.

मी पीडीएफ डिलीट केली. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची वेळ केव्हाच संपली होती. ती फाइल दोनशे फोनांत उतरली होती. अण्णांच्या कपाटाची माहिती चोरायची तर कुणालातरी जिना चढून, कुलूप तोडून, वही खांद्यावर मारून न्यावी लागली असती. मी तर दारातच वाटत बसलो होतो. वही सुरक्षित होती ती अण्णा फार हुशार होते म्हणून नाही. ती जड होती, एकच होती, आणि जागची हलत नव्हती म्हणून.

सगळ्यात लागलं ते हे की हे सगळं विनाकारण होतं. वय तपासायला आधार मागतात. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितलं की आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा धरता येणार नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरावी. आधार प्राधिकरणाचंही म्हणणं तेच : आधार ओळखीसाठी आहे. आमच्या जुन्या वह्यांत काय चिकटवलेलं असायचं? शाळेचा दाखला. आणि ओळख पटवायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार कुणालाही डाउनलोड करता येतं. मला ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

कुणाला विचारलं जातं, कुणाला नाही

२००९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं बड्या क्रिकेटपटूंना सांगितलं की रोज एक तास तुम्ही कुठे असाल ते आधी कळवा, म्हणजे अचानक चाचणी घेता येईल. भारतीय क्रिकेट मंडळानं साफ नकार दिला. कारण सांगितलं ते खेळाडूंची सुरक्षितता आणि खासगीपण. वाद दहा वर्षं चालला. २०१९ मध्ये मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेत आलं. भीती अगदीच खोटी नव्हती. २०१६ मध्ये त्या जागतिक संस्थेच्या माहितीकोशात हॅकर शिरले आणि सिमोन बाइल्ससारख्या खेळाडूंच्या औषधांची माहिती जगासमोर आली.

याच देशातली दुसरी खेळाडू बघा. तमिळनाडूच्या खेड्यातून आलेली शांती सौंदराजन. २००६च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्यपदक. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली, आणि तिच्या शरीराबद्दलची अत्यंत खासगी गोष्ट टीव्हीवर बातमी झाली. पदक गेलं, आणि गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं. बड्या क्रिकेटपटूंच्या एका तासासाठी दहा वर्षं वाद झाला. शांतीला कुणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या बारा मुलींनाही मी विचारलं नव्हतं. ‘आधारचा फोटो टाक’ हा प्रश्न नसतो.

विश्वस्त

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिले, म्हणजे मे २०२७ पर्यंत. हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं वाटत असेल तर तसं नाही. माणसांचा कुठलाही गट, नोंदणी असो वा नसो, त्यात येतो. माहिती कशासाठी घेतो ते सोप्या भाषेत सांगायचं, आणि समोरच्याला हवं तर ते मराठीतही मिळालं पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची खात्रीशीर संमती. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं. काम संपलं की खोडायचं. सुरक्षेत कुचराई झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आमच्या शिलकीत गेल्या सभेला एकोणीस हजार होते.

गंमत अशी की कागदी वहीला हा कायदा लागत नाही. अण्णांचं कपाट त्याच्या बाहेर आहे. मी वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, त्या क्षणी ते पान कायद्यात आलं.

आणि माहिती सांभाळणाऱ्याला या कायद्यात जो इंग्रजी शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ विश्वस्त. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. आमच्या मंडळाच्या पाटीवर तो शब्द आहेच. १९५०च्या कायद्यामुळे आहे. तेव्हा तो पैशांपुरता होता : दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात आहे, तो आपला नाही. आता तेच माहितीबद्दल म्हणायचं आहे. अण्णांना हे समजावायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते म्हणाले, ‘‘मग यात नवीन काय?’’

नवीन आम्ही एवढंच केलं. नोंदणी अर्जातून आठ रकाने काढले. आधार घेत नाही. शाळेचा दाखला बघतो, तारीख लिहितो आणि परत देतो. आयोजकांनी आधार मागितलं तर झाकलेलं, आणि ग्रुपवर नाही, एका माणसाच्या हातात. मुलींचे नंबर फक्त त्यांच्या प्रशिक्षक ताईंकडे. एक्सेलच्या फाइलला पासवर्ड आहे आणि तो तीन जणांना माहीत आहे. एका स्पर्धेच्या आयोजकांनी यावरून आमची प्रवेशिका अडवली, तासभर वाद झाला. शेवटी घेतली.

राहिला एक प्रश्न. काम संपलं की खोडायचं, हे कायदा सांगतो. आणि बदलापूरहून आलेला तो माणूस सांगतो की खोडू नका. दोघंही बरोबर आहेत. उत्तर मला त्या डाव्या कोपऱ्याच्या मुलीकडून मिळालं. मी तिच्या घरी माफी मागायला गेलो होतो. वडील बोलले नाहीत. निघताना तिला विचारलं, मंडळाच्या नोंदीतून तुझं सगळं काढून टाकू का? ती म्हणाली, ‘‘नंबर काढा, पत्ता काढा. नाव आणि मॅचेस राहू द्या. त्या मी खेळलेय.’’

या मे महिन्यात वह्या पुन्हा उन्हात टाकल्या. अण्णांची नजर अधू झाली आहे, म्हणून पानं मी उलटतो आणि ते वास घेऊन बुरशी ओळखतात. मुलींच्या संघाची यादी आता आम्ही वहीतही लिहितो, निळ्या शाईनं. तिच्या ओळीत नाव आहे, जर्सी नंबर आहे, तीन स्पर्धा आहेत. पुढचे रकाने कोरे आहेत. ती अजून सरावाला आलेली नाही.